मागे जाणारा हात : फोरहँडच्या बॅकस्विंगसाठी घेतलेली आठ सत्रे

बॅडमिंटन सोडून टेनिसकडे आलेली व्यक्ती कोर्टाबाहेरूनही ओळखू येते. चेंडू जाळी ओलांडून अलीकडे येईपर्यंत ती शांत उभी असते आणि मग एकदम मनगट मागे टाकून रॅकेट झटकते. गेली सहा वर्षे मी असेच खेळत होते. शटलकॉकचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास असते आणि बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. टेनिसचा चेंडू मात्र नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो आणि माझी रॅकेट तारांसकट ३१५ ग्रॅमची आहे. ज्या झटक्यावर मी कॉलेजात अर्धे सामने जिंकले, तोच झटका इथे दिला की चेंडू जाळीत जातो किंवा कोपर रात्रभर ठणकत राहते. माझ्या बाबतीत दोन्ही होत होते.

त्यामुळे गेल्या नोव्हेंबरात मी पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका खासगी टेनिस केंद्रात आठ सत्रांचे एक ‘पॅकेज’ घेतले. केवळ बॅकस्विंगवर, म्हणजे चेंडू मारण्याआधी रॅकेट मागे नेण्याच्या क्रियेवर काम करणारी अशी ही सेवा आहे. शुल्क १२,००० रुपये. त्यात पहिले आणि शेवटचे सत्र चित्रीकरणाचे, मधली सहा प्रत्यक्ष कोर्टावरची, प्रत्येक सत्र एका तासाचे, आणि दोन्ही चित्रीकरणांनंतर एकेक लेखी अहवाल. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि त्या एकाच ग्राहकाच्या एकाच हंगामातल्या अनुभवावर उभ्या आहेत. अशा प्रकारची सेवा घ्यावी का, घेतल्यास तिच्यातले काय उपयोगी पडते आणि कशावर पैसे वाया जातात, एवढे सांगण्यासाठी नावाची गरजही नाही.

पहिल्या सत्राला तरुण प्रशिक्षकांनी मोबाइल तिकाटण्यावर लावून माझे वीस फोरहँड, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारलेले फटके, टिपले. चित्रण सेकंदाला २४० चित्रांचे होते आणि ही गोष्ट त्यांनी योग्य केली, असे मी आधीच नमूद करते. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रे असतात. रॅकेटचे टोक सेकंदाला २० मीटर वेगाने फिरत असेल, तर अशा व्हिडिओतल्या लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये ते ६६ सेंटिमीटर पुढे सरकलेले असते. म्हणजे पाहण्यासारखे जे काही असते ते त्या दोन चित्रांच्या फटीत घडून जाते. २४० चित्रांत हीच फट आठ सेंटिमीटरवर येते. चेंडू तारांवर जेमतेम चार-पाच मिलिसेकंद टेकतो, त्यामुळे इतक्या चित्रांतही प्रत्यक्ष आघाताचे एकच चित्र हाती लागते, परंतु बॅकस्विंग मात्र पूर्ण उलगडून दिसतो.

मला जे दिसले ते मनाला लागणारे होते. माझी समजूत अशी की माझा बॅकस्विंग फार मोठा आहे. सोबत खेळणाऱ्या मैत्रिणीही “हात कमी मागे ने” असेच सांगत आल्या होत्या. पडद्यावर मात्र वेगळेच दिसले. समोरून चेंडू निघाला, जाळीवरून आला, माझ्या सर्व्हिस रेषेच्या पुढे टप्पा पडू लागला, आणि तोपर्यंत माझी रॅकेट पोटासमोरच होती. टप्पा पडल्यावर हात एकटाच मागे गेला. खांदे जाळीकडे तोंड करून होते तसेच राहिले, डावा हात बाजूला लोंबत होता, आणि मागे गेलेला हात पुढे येईपर्यंत चेंडू कमरेच्या मागे पोचला होता. बॅकस्विंग मोठा नव्हताच. तो उशिरा सुरू होत होता आणि उशीर भरून काढण्याच्या घाईमुळे मोठा भासत होता.

टेनिस कोर्टाची लांबी एका बेसलाइनपासून, म्हणजे मागच्या सीमारेषेपासून, दुसरीपर्यंत २३.७७ मीटर असते. आमच्यासारख्या हौशी खेळाडूंचा चेंडू हे अंतर टप्प्यासकट सव्वा ते दीड सेकंदात पार करतो. त्यातला पाव सेकंद चेंडू कुठे येतो आहे हे डोळ्यांना कळण्यात जातो. उरलेल्या वेळात वळणे, धावणे, रॅकेट मागे नेणे आणि ती पुढे आणणे इतके सगळे बसवायचे असते. टप्पा पडेपर्यंत मी थांबत असे, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळ नुसता जाऊ देत असे. शटलकॉक पिसांमुळे हवेतच मंदावते, म्हणून बॅडमिंटनमध्ये हे थांबणे खपून जाते. टेनिसचा चेंडू टप्प्यानंतर उलट अंगावर उसळतो. ज्या बॅडमिंटनला एकेकाळी ‘पूना’ असे पुण्याचेच नाव होते, त्या खेळाची सवय अशी आडवी येईल असे मला कधी वाटले नव्हते.

हे निदान अचूक होते आणि त्याचे श्रेय त्या चित्रणाला आहे. पण चार दिवसांनी आलेल्या अहवालाविषयी मला तसे म्हणता येत नाही. अहवाल चौदा पानांचा, रंगीत आणि देखणा आहे. त्यात माझ्या चित्रांवर पिवळ्या रेघा ओढून कोन लिहिलेले आहेत: खांद्यांचे वळण इतके अंश, कोपराचा कोन इतका, रॅकेटचा कल इतका. शेजारी एका नामांकित व्यावसायिक खेळाडूचे चित्र असून त्याचेही कोन दिले आहेत, आणि दोहोंतल्या फरकाला लाल रंग दिला आहे. पाहणाऱ्यावर छाप पडावी अशी ही मांडणी आहे. अडचण अशी की एकाच बाजूने घेतलेल्या सपाट चित्रावरून शरीराच्या वळणाचा खरा कोन सांगता येत नाही. खांद्याची रेघ कॅमेऱ्याच्या दिशेने वळली की ती आखूड दिसते आणि मोजणारे सॉफ्टवेअर तिला वेगळाच कोन देते. खात्री करून घेण्यासाठी मी दुसऱ्या सत्रानंतर तिकाटणे तीन पावले डावीकडे सरकवून पुन्हा चित्रण करायला सांगितले. खांद्यांचे वळण पहिल्या मोजणीत ७१ अंश भरले होते, ते आता ८४ भरले. दोन सत्रांत माझे खांदे तेरा अंशांनी सुधारले असते तर मला आनंदच झाला असता. हा आक्षेप मी नम्रपणे मांडला तेव्हा “मॅडम, थोडा फरक येतोच” एवढेच उत्तर मिळाले. थोडा फरक येत असेल तर अंशांच्या आकड्यांपुढे दशांश चिन्ह कशाला, हे विचारायचे राहून गेले.

शिवाय ही तुलना मुळातच निरुपयोगी आहे. बॅकस्विंगचा एकच आदर्श आकार असतो असे ती गृहीत धरते आणि टेनिसचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. हुआन मार्टिन देल पोत्रो रॅकेट उंच आणि दूर मागे नेत असे आणि त्या लांबलचक फोरहँडवर त्याने २००९ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररला हरवले. याउलट १९९२ मध्ये विम्बल्डन जिंकणारा आंद्रे आगासी सर्व्हिस परतवताना रॅकेट जेमतेम मागे नेई, टप्प्यावरून उठता उठता चेंडू गाठे आणि समोरच्याचाच वेग त्याला परत करी. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर १९८६ मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचलेले रमेश कृष्णन यांचे घ्यावे. त्यांचा स्विंग इतका आटोपशीर होता की जोर कुठून येतो ते पाहणाऱ्याला कळत नसे, आणि बऱ्याचदा जोर नसेच, चेंडू फक्त प्रतिस्पर्ध्याला नको असलेल्या जागी जाऊन पडे. स्टेफी ग्राफ चेंडू पुस्तकी हिशेबापेक्षा उशिरा मारत असे, पण तिचे पाय इतक्या लवकर जागेवर पोचत की तो उशीर तिलाच परवडे. या चौघांपैकी कोणाच्या कोनांशी सेहेचाळीस वर्षांच्या गृहिणीचे कोन जुळवायचे, हे अहवाल सांगत नाही.

आता ज्या भागासाठी हे परीक्षण लिहायला बसले, त्याकडे येते. मधली सहा सत्रे जाहिरातीप्रमाणे तरुण प्रशिक्षक घेणार होते. प्रत्यक्षात ते शेजारच्या कोर्टावर मुलांच्या तुकडीत गुंतलेले असत आणि माझ्याकडे येत ते केंद्रातले जुने मार्कर, म्हणजे सदस्यांना सराव देणारे कर्मचारी. वय साठीच्या पुढे, डोक्याला कापडी टोपी, हातात तारा सैल पडलेली रॅकेट. सगळे त्यांना मामा म्हणतात. हे ठरल्यापेक्षा वेगळे आहे आणि आधी न सांगता झाले, म्हणून ते तक्रारीच्या खात्यात मांडायला हवे. पण झाले ते माझ्या फायद्याचेच.

मामांनी पहिल्या दिवशी रॅकेट हातात घेऊ दिली नाही. जाळीच्या अलीकडे उभे राहून ते चेंडू हाताने टाकत आणि मला तो उजव्या बाजूला वळून डाव्या हाताने झेलायला सांगत. उजव्या बाजूचा चेंडू डाव्या हाताने पकडायचा तर खांदे वळवण्यावाचून गत्यंतरच नसते. कोनांचे चौदा पानी अहवाल जे सांगू पाहतात ते शरीराला वीस झेलांत कळते. नंतर रॅकेट आली, पण डावा हात तिच्या गळ्यावर, म्हणजे मूठ जिथे संपते आणि तारांची चौकट सुरू होते त्या भागावर ठेवायचा आणि वळण पुरे होईपर्यंत सोडायचा नाही, अशी अट होती. डावा हात रॅकेटला धरून असला की उजवा हात एकटा पळू शकत नाही, दोन्ही खांदे आपोआप बरोबर जातात. मी किमान तीस वेळा तो हात आधीच सोडला आणि प्रत्येक वेळी मामांनी पुढचा चेंडू टाकलाच नाही. नुसते उभे राहिले.

त्यानंतर वेळ. “ताई, चेंडू समोरच्या रॅकेटवरून सुटला की वळा. कुठे पडतो ते नंतर बघा,” असे ते म्हणत आणि स्वतः चेंडू सोडताना मोठ्याने “वळा” अशी हाक देत. दोन सत्रांनंतर हाक देणे माझ्याकडे आले. चेंडू जाळी ओलांडण्याआधी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही तर तो फटका, कितीही चांगला बसला तरी, मोजणीत धरला जात नसे. या एका नियमाने जेवढे काम केले तेवढे दुसऱ्या कशाने केले नाही. लवकर वळले की चेंडूच हळू येतो आहे असा भास होऊ लागतो, आणि तो भास पहिल्यांदा झाला त्या सकाळी मी दोन चेंडू तसेच सोडून दिले, कारण घाई न करता मारायची सवयच नव्हती.

चौथ्या सत्रात त्यांनी मला कोर्टामागच्या जाळीच्या कुंपणाला पाठ करून दोन फुटांवर उभे केले. हात शरीरापासून सुटून मागे गेला की रॅकेट कुंपणावर आपटे आणि आख्ख्या सोसायटीला कळे. ही कसरत जुनी आहे आणि जगभर वापरली जाते, परंतु तिचा अर्थ नीट समजावून न दिल्यास खेळाडू घाबरून बॅकस्विंग आखडून घेतो. मामांनी तो दिला. कुंपण हाताला अडवते, खांद्यांना अडवत नाही. खांदे हवे तितके वळवा, रॅकेट त्यांच्याबरोबर जाईल तेवढीच जाऊ द्या, असे त्यांचे म्हणणे. शेजारच्या कोर्टावरचे एक गृहस्थ अनेक वर्षे क्रिकेट खेळून टेनिसकडे आलेले होते आणि बॅकलिफ्टसारखी रॅकेट सरळ उचलून सरळ खाली आणत. त्यांनाही हेच कुंपण दाखवण्यात आले. त्यांच्या रॅकेटच्या चौकटीवरचा रंग दोन दिवसांत उडाला.

पाचव्या सत्रातली दुरुस्ती सर्वांत बारीक होती आणि तिच्यामागचे कारण मी नंतर वाचून समजून घेतले. लवकर वळायला शिकल्यावर मी रॅकेट मागे नेऊन तिथेच धरून ठेवू लागले होते. वेळ भरपूर, म्हणून तयारी करून थांबायचे. फटके सरळ जाऊ लागले, पण त्यांत जीव नव्हता. स्नायू आधी ताणला जाऊन लगेच आखडला तर तो नुसत्या आखडण्यापेक्षा जास्त जोर देतो. उंच उडी मारण्याआधी आपण गुडघे वाकवून लगेच उसळतो ते याचसाठी. गुडघे वाकवून क्षणभर थांबले की तो ताण विरतो आणि उडी खुजी होते. बॅकस्विंगचे तेच आहे. मागे जाणे आणि पुढे येणे यांच्यामध्ये थांबा आला की मागे जाण्याचा बराचसा उपयोग संपतो. म्हणून आजचा फोरहँड रॅकेट सरळ मागे नेत नाही. ती खांद्याच्या उंचीवरून वळते, खाली येते आणि चेंडूच्या खालून वर व पुढे जाते. या वळणाला लूप म्हणतात. खाली येताना रॅकेटचे वजनच तिला वेग देते आणि हालचाल कुठेही तुटत नाही. मामांनी यातले काहीच सांगितले नाही. “झोका थांबवून पुन्हा ढकलतो का आपण?” एवढे विचारून ते चेंडू गोळा करायला गेले.

इथे थोडे विषयांतर करते. आमच्या पिढीतल्या अनेकांना “रॅकेट मागे!” ही आरोळी आठवत असेल. ती चुकीची नव्हती, तिचा काळ वेगळा होता. लाकडी रॅकेटची चौकट साधारण ६५ चौरस इंचांची आणि रॅकेट आजच्यापेक्षा बरीच जड असे. अशा रॅकेटने चेंडू मधोमध घ्यायचा तर ती आधीच सरळ मागे नेऊन, बाजूने उभे राहून, सरळ पुढे आणणे हा शहाणपणाचा मार्ग होता. १९७६ मध्ये ११० चौरस इंचांची प्रिन्स रॅकेट बाजारात आली, पुढे ग्रॅफाइट आले, आणि १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेनने पॉलिएस्टर तारा लावलेल्या रॅकेटने फ्रेंच ओपन जिंकल्यापासून त्या तारांचाही प्रसार झाला. रॅकेट हलकी, चौकट रुंद आणि तारा चेंडूला फिरकी देणाऱ्या झाल्यावर खालून वर जाणारा फटका सर्वांच्या आवाक्यात आला आणि त्यासाठी लूपही. आरोळी मात्र अजून काही कोर्टांवर तशीच ऐकू येते. तिच्यामुळे हात मागे जातो आणि खांदे जागेवर राहतात. माझा दोष बॅडमिंटनचा होता, पण तो पक्का करण्याचे काम याच आरोळीने केले असावे.

बॅकहँडला अर्धे सत्र मिळाले, आणि दोन हातांच्या बॅकहँडला तेवढे पुरते, कारण दुसरा हात रॅकेटवर असल्यामुळे खांदे वळतातच. व्हॉलीचा, म्हणजे टप्पा पडण्याआधीच मारायच्या फटक्याचा, धडा एका वाक्यात संपला: तिथे बॅकस्विंग करायचाच नाही. सर्व्हिसला मात्र अन्याय झाला. डोक्यामागे रॅकेट सोडून पुन्हा वर काढण्याची ती हालचाल बॅकस्विंगचाच सर्वांत गुंतागुंतीचा प्रकार आहे, आणि पॅकेजमध्ये तिचा उल्लेख असूनही तिच्या वाट्याला शेवटच्या सत्रातली दहा मिनिटे आली. ज्यांची अडचण सर्व्हिसची आहे त्यांनी आधी हे स्पष्ट विचारून घ्यावे.

केंद्राच्या पत्रकात ‘गोल्फसाठीही उपयुक्त’ असे छापलेले आहे. माझे दीर गोल्फ खेळतात, म्हणून ते उत्सुकतेपोटी एका सुट्या सत्राला आले. १,८०० रुपये दिले, चित्रण झाले, आणि त्यांना सांगण्यात आले की बॅकस्विंगच्या वरच्या टोकाला क्लबची, म्हणजे गोल्फच्या दांडक्याची, काठी जमिनीला समांतर होत नाही, म्हणून बॅकस्विंग वाढवा. त्यांनी तीन आठवडे तो वाढवला आणि कंबर धरून बसले. गोल्फमध्ये चेंडू स्थिर असतो, घाई कोणाचीच नसते, म्हणून मोठा बॅकस्विंग नेहमी चांगला असे समजणे सोपे आहे; पण उजव्या पायात जन्मतःच व्यंग असलेला जॉन राम हा घोट्याच्या मर्यादित हालचालीमुळे क्लब समांतरच्या कितीतरी आधी थांबवतो आणि तसाच खेळून त्याने २०२१ चे अमेरिकन ओपन आणि २०२३ चे मास्टर्स जिंकले. जिम फ्युरिकचा क्लब वर जाताना एका वाटेने जातो आणि खाली येताना भलत्याच वळणाने येतो, तरी पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत ५८ फटक्यांची फेरी पहिल्यांदा त्याच्याच नावावर, २०१६ मध्ये, लागली. हिदेकी मात्सुयामा तर वरच्या टोकाला थांबल्यासारखा दिसतो. मी वर लिहिलेल्या थांब्याच्या नियमाला तो अपवाद वाटेल. पण नीट पाहिले तर क्लब थांबलेला असताना त्याची कंबर पुढे निघालेली असते, म्हणजे ताण विरत नाही, वाढतो. गोल्फमध्ये लांबीपेक्षा लय पाहावी लागते. निष्णात खेळाडूंचा बॅकस्विंग खाली येण्याच्या वेळेच्या सुमारे तिप्पट वेळ घेतो आणि हे प्रमाण फारसे बदलत नाही. आमच्या दिरांच्या चित्रणात ही गोष्ट सहज मोजता आली असती. सेकंदाला २४० चित्रे होती, नुसती चित्रे मोजायची होती. ते कोणी केले नाही. गोल्फसाठी या केंद्रात जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

परिणामाविषयी. पहिल्या सत्रात मामांनी नव्हे, प्रशिक्षकांनी टाकलेल्या पन्नास चेंडूंपैकी माझे १९ फोरहँड समोरच्या सर्व्हिस रेषेच्या पलीकडे आणि बेसलाइनच्या आत पडले होते. आठव्या सत्रात त्यांनीच टाकलेल्या पन्नासांपैकी ३३ पडले. हा माझाच मोजदादीचा हिशेब आहे, त्याला प्रयोग म्हणू नये. सरावाने काही सुधारणा एरवीही झाली असती. कोपराचे दुखणे जानेवारीपासून जवळपास थांबले आहे. पण आमच्या गटात एक मुलगी डाव्या हाताने सपाट आणि जोरात मारते, आणि तिच्यासमोर पहिल्या चार गेममध्ये मी अजूनही जुन्यासारखी टप्प्याची वाट पाहत उभी राहते. पाचव्या गेमपासून तोंडातून “वळा” निघू लागते, तोवर सेट हातचा गेलेला असतो.

सोयींबद्दल थोडक्यात. कोर्ट मातीचे आहे, पहाटे पाणी मारून रोलर फिरवलेला असतो, आणि टप्पा संथ व उंच मिळत असल्यामुळे लूप शिकायला ते सिमेंटच्या कोर्टापेक्षा बरे. पावसाळ्यात चार महिने बंद असते, म्हणून पॅकेज दिवाळीनंतरच घ्यावे. चेंडू जुने आहेत; टोपलीतल्या निम्म्यांची लव गेलेली आहे आणि असे चेंडू हवेत अधिक वेगाने येतात, टप्प्यावर घसरतात, म्हणजे वेळेचा अभ्यास करणाऱ्याला चुकीची वेळ शिकवतात. १२,००० रुपयांत नव्या चेंडूंचे चार डबे बसायला हरकत नव्हती. स्त्रियांसाठी कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही, सोसायटीच्या क्लबहाउसची किल्ली मागून घ्यावी लागते आणि सकाळी सहाला ती रखवालदाराकडे असतेच असे नाही.

ज्यांना आपला फोरहँड कुठे चुकतो हे कधी दिसलेलेच नाही, त्यांनी पहिले चित्रण अवश्य करून घ्यावे, पण ते मैत्रिणीच्या मोबाइलवर मंदगतीत केले तरी चालते; दोन बाजूंनी करावे आणि कोनांऐवजी फक्त एक गोष्ट पाहावी, चेंडू जाळीवर असताना आपले खांदे कुठे आहेत. अहवाल टाळता येत असेल तर टाळावा. मधल्या सहा सत्रांसाठी मात्र मी हेच शुल्क पुन्हा देईन. शेवटच्या दिवशी मी कार्यालयात तसे विचारलेही: चित्रीकरण नको, अहवाल नको, फक्त मामांची सहा सत्रे हवीत, किती होतील? टेबलामागच्या मुलाने दरपत्रक दोनदा वरपासून खालपर्यंत वाचले आणि सांगितले की असा पर्याय त्यात नाही. त्याने माझा नंबर लिहून घेतला आहे.